‘इको-फ्रेंडली’ डायपर घेतलं, पण ते शेवटी जातं कुठे?

घरात बाळ येणार म्हटलं की हल्ली दोन याद्या तयार होतात. आजीच्या यादीत झबली, टोपरी, दुपटी आणि जुन्या सुती साडीचे लंगोट असतात. आई-बाबांच्या ऑनलाइन यादीत ‘नॅचरल’, ‘बांबू’, ‘इको-फ्रेंडली’ असं लिहिलेली डायपरची पाकिटं असतात. मग घरात वाद सुरू होतो. पण डायपर बाळाच्या अंगावरून निघाल्यानंतर त्याचं काय होतं, हा प्रश्न या वादात कोणी विचारत नाही. पुण्यात या प्रश्नाचं उत्तर अगदी दारापर्यंत येतं.

कचरा कोणाच्या हातात जातो?

पुण्यातल्या बऱ्याच भागांत घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था गोळा करते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ आली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा करार झाला. सभासदांमध्ये बहुसंख्य महिला आहेत. सुका कचरा त्या हातानेच निवडतात. त्यात उघडं, भरलेलं डायपर निघालं तर जंतुसंसर्गाचा धोका त्यांनाच असतो. म्हणून डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडताच आत काय आहे ते कळेल, असं आवाहन ‘रेड डॉट’ मोहिमेतून केलं गेलं.

नियम काय सांगतो?

घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्येच वापरलेलं डायपर ‘सॅनिटरी’ कचरा ठरवलं गेलं होतं. तो नीट गुंडाळून देणं ही आपली जबाबदारी आहे. त्यासाठी पाकिटासोबत पिशवी किंवा वेष्टन देणं ही कंपन्यांची जबाबदारी आहे. २०२६ च्या नव्या नियमांनी तर ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे कचऱ्याचे चार भाग केले आहेत. म्हणजे डायपरला आता स्वतंत्र डबा हवा.

मग ‘नॅचरल’ डायपरचं काय?

साध्या डायपरमध्ये लाकडाचा लगदा, प्लास्टिकचे थर आणि ओल शोषणारं पॉलिमर असतं. वरचा थर बांबूचा असला म्हणून आतलं सगळं कुजतंच असं नाही. कुजणारं असलं तरी त्यासाठी योग्य कंपोस्टिंग लागतं. पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलेल्या डायपरला ते मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘ग्रीनवॉशिंग’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यानुसार ‘इको-फ्रेंडली’सारख्या शब्दांना कंपनीने पुरावा द्यायला हवा. तेव्हा पाकीट घेताना बघा : नेमका कोणता भाग कुजतो, आणि कुठे?

कापडी लंगोटच बरा का?

बऱ्याच अंशी हो, पण तो धुता कसा यावर ते अवलंबून आहे. ब्रिटन सरकारच्या २०२३ च्या अभ्यासात धुऊन वापरायच्या डायपरचं कार्बन उत्सर्जन सुमारे २५ टक्के कमी निघालं. मशीन पूर्ण भरून लावणं, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवणं आणि तेच कपडे दुसऱ्या बाळाला वापरणं, यावर हा फायदा वाढतो. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आधीपासूनच चालत आल्या आहेत.

अडचण पावसाळ्याची आहे. जुलैमध्ये फ्लॅटच्या बाल्कनीत लंगोट वाळत नाहीत. दुसरी अडचण जास्त मोठी आहे : धुणार कोण? ‘आमच्या वेळी नव्हतं हो डायपर’ असं म्हणणं सोपं असतं. पण ते सगळं धुणं एकट्या बाळंतिणीच्या किंवा कामवाल्या मावशींच्या अंगावर पडणार असेल, तर कचरावेचक बाईचा त्रास आपण फक्त दुसऱ्या बाईकडे सरकवला.

मधला मार्ग

हिशेब करून बघा. दिवसाला सहा डायपर म्हणजे वर्षाला २,१९० होतात. दिवसा लंगोट आणि फक्त रात्री डायपर वापरलं, तर ३६५. म्हणजे जवळपास सहापट कमी! आजी बाळाला पायांवर बसवून ‘शूऽऽ शूऽऽ’ करते, त्या जुन्या सवयीनेही दिवसातले एक-दोन लंगोट वाचतात.

- शी आधी टॉयलेटमध्ये टाका, मग लंगोट धुवा.
- फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्याने कापडाची शोषून घेण्याची क्षमता कमी होते.
- शक्य तेव्हा उन्हात वाळवा.
- धुण्याची पाळी बाबांनीही घ्या.
- डायपर वापरलंच तर कागदात गुंडाळा, लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या.

प्रवासात, आजारपणात किंवा झोप न झालेल्या रात्री डायपर वापरलं म्हणून कोणत्याही आईने अपराधी वाटून घ्यायची गरज नाही. मात्र सकाळी ते उघडंच डब्यात टाकू नका. तो डबा कोणीतरी हाताने रिकामा करणार आहे.