बहिणीची ओवाळणी

वाचकहो, ऐन दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याच्या गोष्टी कशाला, असे आपण म्हणाल. पण आजची गोष्ट भाऊबिजेचीच आहे.

आमचे बिऱ्हाड आरे कॉलनीत. शेजारच्या वहिनींच्या धाकट्या मुलाला तान्हा असल्यापासून थॅलेसेमिया. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त भरावे तेव्हा पोर हिंडू-फिरू लागायचे. अखेर डॉक्टरांनी अस्थिमज्जारोपण सुचविले. रक्त जिच्यापासून तयार होते ती हाडांतली मज्जा, म्हणजेच तिच्यातल्या मूळपेशी, निरोगी माणसाकडून घ्यायच्या आणि शिरेतून रोग्याला द्यायच्या. पंधरा वर्षांच्या थोरल्या बहिणीची मज्जा जुळली. घरात पेढे वाटले गेले.

रोपण पार पडले. पण महिनाभरात मुलाच्या तळहातांवर पुरळ उठले, जुलाब लागले, डोळे पिवळे झाले. औषधांनी ते आटोक्यात आले आणि मुलगा घरी परतला. बहीण मात्र गप्प गप्प झाली. परवा फराळाचे ताट घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "काका, माझंच रक्त त्याला बाधलं ना?"

आरेत राहणाऱ्याला गोठा काही लांब नाही. मी तिला म्हटले, "चल, चक्कर मारून येऊ."

कोणाही जुन्या गोठेवाल्याला विचारा, तो सांगेल की गाईला नर-मादी जुळे झाले तर त्यातली मादी बहुधा वांझ निघते. पोटात असताना दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रक्ताची देवघेव होते. 1945 साली रे ओवेन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, अशा जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी जन्मानंतरही सुखाने नांदतात. परके रक्त, पण भांडण नाही! पुढे 1953 साली पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत तशीच सलोख्याची सवय लावून दाखविली. मेडावारांना 1960 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रोपणाच्या शास्त्राला गाईच्या गोठ्याने असा हातभार लावला आहे.

माणसाला पोटात असतानाची ही ओळख सहसा नसते. म्हणून 'आपला कोण, परका कोण' हे पेशींवरच्या खुणा पाहून ठरते. ह्या खुणांची मुख्य जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे आईबापांशी मूल निम्मेच जुळते आणि दोन सख्ख्या भावंडांचे संच पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. 'एका आईची लेकरे, जुळणारच' हा समज खोटा आहे.

बरे, इतके जुळूनही त्रास का व्हावा? कारण लहानसहान खुणा आणखी पुष्कळ असतात. बहिणीच्या अंगात पुरुषाचे 'वाय' गुणसूत्र नाही. त्या गुणसूत्राने घडविलेली प्रथिने तिच्या पेशींनी कधी पाहिलेलीच नसतात. त्या भावाच्या अंगात गेल्या की ही प्रथिने त्यांना परकी वाटतात. मग पाहुणाच घरधन्यावर उठतो आणि कातडी, आतडी व यकृत ह्यांवर हल्ला चढवितो. स्त्रीची मज्जा पुरुषाला दिली तर हा धोका काहीसा वाढतो, तो ह्यामुळे. सायक्लोस्पोरीनसारखी औषधे हा हल्ला थोपविण्यासाठीच असतात.

रोग्याची स्वतःची जनुकेही ह्यात भाग घेतात. रोपणापूर्वी जुनी मज्जा नाहीशी करण्यासाठी जहाल औषधे द्यावी लागतात. 2004 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी थॅलेसेमियाच्या रुग्णांत एक गोष्ट दाखवून दिली. शरीरातल्या विषारी द्रव्यांचा निचरा करायला मदत करणारे एक जनुक काही जणांत मुळातच नसते, आणि अशांच्या यकृतातल्या बारीक शिरा तुंबण्याचा धोका अधिक असतो. औषध तेच, पण एकाला पचते, दुसऱ्याला बाधते.

"म्हणजे," मी तिला म्हटले, "तू काही केलं नाहीस. आईवडिलांच्या ओंजळीतून तुम्हा दोघांच्या वाट्याला काय आलं, तो दैवाचा फासा. तुझ्या हातात एकच गोष्ट होती, देणं. ती तू केलीस."

मग तिला मी आपल्या मुंबईचीच एक हकीकत सांगितली. 20 मार्च 1983 रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले. मज्जा देणारा होता तिचा भाऊ! आता तर बोरिवलीलाही महापालिकेचे केंद्र आहे आणि तेथे थॅलेसेमियाच्या मुलांवर अशी रोपणे होतात.

घरोघरीच्या वडीलधाऱ्यांना जाता जाता दोन शब्द. लग्न ठरविताना पत्रिकेबरोबर थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करून घ्या. दोघेही वाहक असले तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याचा संभव चारांत एक असतो. आणि घरात रोपणाची वेळ आलीच, तर मज्जा देणाऱ्या भावंडाला आधीच सारे समजावून सांगा. रोग्याची विचारपूस सारे करतात, देणाऱ्याच्या मनाची कोणी करीत नाही.

परतताना मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "काका, आता त्याच्या अंगात रक्त कुणाचं?"

"तुझं," मी म्हणालो. "तपासलं तर रक्तपेशींत तुझी गुणसूत्रं सापडतील. गेले पाच महिने त्याला बाहेरचं रक्त भरावं लागलेलं नाही."

ती प्रथमच हसली. म्हणाली, "मग यंदा ओवाळणी त्यानं दुप्पट द्यायला हवी!"