दुरंगी तगर : हिरव्या फांदीला वेळीच कात्री लावा

माझे माहेर कोकणात, संगमेश्वरजवळ. तिथे अंगणात विहिरीच्या कडेला एक तगर होती. आमच्या घरात तिला चांदनी म्हणत. पण ही साधी चांदनी नव्हती. तिच्या प्रत्येक हिरव्या पानाला पांढरट-पिवळी किनार होती, जणू दुपट्ट्याला लावलेली गोट. फुले नसली तरी झाड फुलल्यासारखे दिसायचे. लग्नानंतर मी सोलापूरला आले. एका पावसाळ्यात माहेरून निघताना अम्मीने तिच्या दोन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. त्यातली एक जगली.

पुढे माहेरचा रस्ता रुंद झाला. अंगण गेले, विहीर बुजली आणि चांदनीही गेली. आता अम्मीही राहिली नाही. त्या झाडाचे जे काही उरले, ते माझ्या दारातच.

आणि तेही मी जवळजवळ घालवले होते. ऊन, किडा किंवा बकरी यांनी नव्हे, तर माझ्याच आनंदाने!

झाले असे की, एका वर्षी बुंध्याजवळून एक जोमदार फांदी फुटली. पाने मोठी, तजेलदार, पूर्ण हिरवीगार. मला वाटले, झाडाने आता चांगले अंग धरले. खत घातले, पाणी वाढवले. दोन वर्षांत त्या फांदीने सारे झाड व्यापून टाकले. एके दिवशी शेजारच्या खाला आल्या आणि म्हणाल्या, “अगं बेटी, तुझी चांदनी तर साधी झाली की!” मी वाकून पाहिले. दाट हिरव्या पानांखाली किनारीच्या पानांची एकच बारीक डहाळी उरली होती.

भगिनींनो, दुरंगी पानांचे झाड ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, म्हणून तो भाग अन्न तयार करत नाही. झाडाचा सारा संसार हिरव्या भागावर चालतो. त्यामुळे दुरंगी झाड साध्या झाडापेक्षा सावकाश वाढते. त्याच्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी असतात, हिरवेपणा असलेल्या आणि तो हरवलेल्या. एखादा कोंब फक्त हिरव्या पेशींतून फुटला तर त्याची सगळी पाने हिरवी होतात. असा कोंब पोटभर जेवतो, भराभर वाढतो आणि दुरंगी फांद्यांचे ऊन खातो. अशी फांदी सहसा पुन्हा दुरंगी होत नाही.

उपाय एकच, कात्री

महिन्यातून एकदा झाडाभोवती फिरून बुंध्यापर्यंत नजर टाका. पूर्ण हिरवी फांदी दिसली की ती जिथून फुटली तिथूनच कापा. नुसता शेंडा खुडला तर त्याच फांदीला चार हिरवे फुटवे येतात. कोंब बोटभर असतानाच काढला तर झाडाला कळतही नाही. कधीकधी पूर्ण पांढऱ्या पानांची डहाळीही येते. दिसते फार सुंदर, पण ती स्वतःचे पोट भरू शकत नाही. तिची काडी लावण्याचा मोह टाळा.

माझ्या झाडावर मी हिरव्या फांद्या एकदम नाही कापल्या. तसे केले असते तर मुळांना अन्न कुठून मिळणार? आधी अर्ध्या कापल्या. डहाळीला ऊन मिळू लागले, तिने जोर धरला, मग उरलेल्या काढल्या.

काडी कशी लावावी

दुरंगी झाडाचे रूप बियांतून भरवशाने उतरत नाही. ते काडीनेच टिकते. जून ते ऑगस्ट हे दिवस उत्तम. पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी, साधारण 15 सेंटिमीटर लांबीची, चार-पाच डोळ्यांची काडी घ्या. तिची पाने नीट दुरंगी असावीत. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो पाण्याने धुऊन टाका. खालची पाने काढा, वरची दोन-तीन ठेवा. अर्धी वाळू आणि अर्धे कुजलेले शेणखत घालून काडी लावा आणि सावलीत ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. एकाऐवजी चार काड्या लावा.

ऊन, पाणी, माती

सकाळचे तीन-चार तास ऊन मिळाले तर किनार उठून दिसते. दाट सावलीत रंग फिका पडतो आणि झाड लांबट होते. पण सोलापूरसारख्या गावी एप्रिल-मेच्या दुपारी पानांचा पांढरा भाग आधी करपतो. तेव्हा पूर्वेची भिंत निवडा किंवा दुपारी आडोसा करा. कुंडी किमान 12 इंची असावी आणि तळाला भोक मोकळे असावे. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. ते बादलीत धरून झाडाला घातले तर उन्हाळ्यात मोठी बचत होते.

एक फरक ओळखायला शिका. किनारीचा पांढरेपणा पानाच्या कडेला असतो आणि पान टवटवीत असते. पण नवी पाने सबंध पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ते रूप नव्हे, दुखणे आहे. चुनखडीची जमीन आणि बोअरचे जड पाणी यांमुळे मुळांना लोह मिळत नाही. अशा वेळी शेणखत किंवा गांडूळखत भरपूर मिसळा आणि जमेल तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी घाला. युरियाच्या मागे लागू नका. त्याने लुसलुशीत वाढ होते आणि किडीला मेजवानी मिळते.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. कधी रातोरात फांदी बोडकी होते. नीट पाहिले तर बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडते, डोक्याजवळ दोन निळे डोळे काढल्यासारख्या. ती कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या एका देखण्या पतंगाची अळी आहे. एक-दोनच असतात. काडीने उचलून दूर टाका, औषधाची गरज नाही.

तगरीचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. छाटणीनंतर हात धुवा आणि लहान मुलांना पाने-फळे तोंडात घालू देऊ नका. बकरीदपूर्वी बकरा अंगणात बांधाल तर या झाडापासून दूर बांधा. अंगणात कण्हेर असेल तर दुप्पट काळजी घ्या, कारण तिची पाने जनावराचा जीव घेऊ शकतात.

त्या एका डहाळीच्या मी पाच काड्या लावल्या होत्या. तीन जगल्या. एक माझ्या दारात आहे, एक खालांकडे आणि एक माझी मुलगी सासरी घेऊन गेली. जाताना मी तिला कात्रीही दिली.

पुढच्या महिन्यात : गॅलरीतला पुदिना आणि कोथिंबीर.