विदासाठा वेगवान, पण दाराला कडी कुठे?

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांत पसरलेले आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात निकाल जाहीर होताच हजारो विद्यार्थी एकाच घटकेला संकेतस्थळाकडे धावतात. प्रत्येक वेळी चकतीवरून माहिती वाचणाऱ्या सर्व्हरला अशा वेळी दम लागतो. वारंवार लागणारी माहिती थेट रॅममध्ये ठेवणे, हा त्यावरचा जगन्मान्य उपाय. इटलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये आणलेली ‘रेडिस’ ही प्रणाली त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

मात्र ती घडली विश्वासातल्या अंतर्गत जाळ्यासाठी. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्यातील १३ वर्षे जुनी गंभीर त्रुटी उघड झाली. ती शोधणाऱ्या ‘विझ’ कंपनीच्या मते, महाजालावर उघड्या असलेल्या सुमारे ३,३०,००० संचांपैकी जवळपास ६०,००० संचांना परवलीचा शब्दच नव्हता! त्रुटीचा गैरफायदा घेण्यास आधी आत प्रवेश हवा; येथे तर दारच सताड उघडे. रेडिसच्या परवान्यावरून २०२४ मध्ये वेगळी झालेली ‘व्हॅल्की’ही या त्रुटीतून सुटली नाही.

उबुंटूवर रेडिस बसविण्यास एक आज्ञा पुरते. मूळ मांडणीत ती १२७.०.०.१ या पत्त्यावरच, म्हणजे त्याच यंत्रापुरती ऐकते. २०१६ च्या ३.२ आवृत्तीपासून ‘संरक्षित अवस्था’ही आहे. घोटाळा होतो तो पुढे. संकेतस्थळ एका सर्व्हरवर, रेडिस दुसऱ्यावर. जोडणी जुळेना म्हणून कोणीतरी ‘तात्पुरते’ दोन्ही बंध सैल करतो आणि ते तसेच राहतात. अशा उघड्या संचातून हल्लेखोर आपली एसएसएच किल्ली सर्व्हरवर कशी लिहू शकतो, हे सानफिलिप्पो यांनी स्वतःच २०१५ मध्ये दाखवून दिले होते.

६३७९ हे पोर्ट फायरवॉलने केवळ संकेतस्थळाच्या सर्व्हरपुरते खुले ठेवणे, रेडिस ‘रूट’च्या अधिकाराने न चालविणे आणि सहाव्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेले वापरकर्तानिहाय अधिकार आखणे, यास पैसा लागत नाही. परवलीचा शब्द मात्र लांबलचक हवा. रेडिस इतकी चपळ, की सेकंदाला लाखाहून अधिक शब्द आजमावता येतात.

अमरावती-अकोल्यातील लहान महाविद्यालयांत हे काम बहुधा एकट्या तंत्रज्ञाच्या गळ्यात पडते. कायदा मात्र संस्थेलाच विचारणार. सायबर घटनेची सूचना सहा तासांत ‘सर्ट-इन’ला देण्याचे बंधन २०२२ पासून आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून, नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित नियमांनी मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे.