गोठ्यांतील विद्या

“इतकें शिकून अखेर शेणच काढावयाचें ना?” असा प्रश्न पांढरपेशा कुटुंबांत अजूनहि ऐकूं येतो. पशुवैद्यक महाविद्यालयांतील मुलामुलींना गोठ्यांत प्रत्यक्ष काम करावें लागतें, हें कळतांच कित्येक मातापितरांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना एवढेंच स्मरण द्यावेंसें वाटतें कीं, १९२३ सालीं बंगळूर येथें स्थापन झालेल्या सरकारी दुग्धसंस्थेंत १९२७ सालीं महात्मा गांधी स्वतः गोपालन शिकण्यास गेले होते. हीच संस्था १९५५ सालीं कर्नाल येथें गेली.

ही विद्या ग्रंथांत असली तरी ती हातांत उतरावी लागते. गाय सुमारें २१ दिवसांनीं माजावर येते, हें पाठ करण्यास क्षणभर पुरे. परंतु माज बहुधा एक दिवसहि टिकत नाहीं, आणि पुष्कळ गाई तो रात्रीं वा पहांटे दाखवितात. जो त्या वेळीं गोठ्यांत उभा असेल त्यालाच तो दिसणार. हुकला, कीं गाईचा भाकड काळ तीन आठवड्यांनीं लांबला! धार काढण्याचेंहि तसेंच. कास धुवून पान्हा फुटला, कीं पांचसात मिनिटांत दूध काढून घ्यावें लागतें; कारण पान्हा आणणारा अंतःस्राव फार वेळ टिकत नाहीं.

पण सर्वांत मोठा धडा वासराचा. मानवी गर्भाला मातेच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें नाळेवाटे मिळतात; वासराला तीं मिळत नाहींत. तीं चिकांतूनच मिळावयाचीं, आणि तीं शोषून घेण्याची त्याच्या आंतड्यांची शक्ति तासातासानें घटत २४ तासांच्या सुमारास संपते. म्हणून गाय मध्यरात्रीं व्याली तरी विद्यार्थ्यानें उठून वासराला पहिल्या दोनतीन तासांतच चीक पाजावा लागतो. प्रमाण वजनाच्या सुमारें दशांश. म्हणजे २५ किलोच्या वासरास अडीच लिटर. दुसऱ्या दिवशीं पाजलेला चीक पोट भरील, पण रक्षण करणार नाहीं.

आपल्या घरीं खरवसाचें कौतुक मोठें. तें अवश्य असावें, मात्र चीक घेण्यापूर्वीं गवळ्याला एवढें विचारावें कीं, “वासराचा वांटा त्याला मिळाला ना?” आणि महाविद्यालयांतून सुटीवर आलेल्या मुलाला वा मुलीला गुणांची चौकशी करतांना हेंहि विचारावें कीं, “यंदा किती वासरांना वेळेवर चीक पाजलास?” त्या उत्तरांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं.