सम्राट, राजमाता आणि साखळदंडातले कूळ

निकाया येथे भरलेल्या पहिल्या सार्वत्रिक ख्रिस्ती धर्मपरिषदेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे तुर्कस्तानातील इझनिक येथे, म्हणजे जुन्या निकायाच्या भूमीवर, प्रार्थनेसाठी जाऊन आले. परिषद बोलावणारा सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि त्याची आई हेलेना यांचे त्या निमित्ताने गुणगान व्हावे हे ओघानेच आले. पूर्वेकडील चर्चमध्ये ही दोघे संत मानली जातात आणि २१ मे हा त्यांचा संयुक्त सण असतो. भाविकांच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. वाद आहे तो समाजवादी वर्तुळातच रुजलेल्या एका समजुतीशी.

ही समजूत फ्रेडरिक एंगल्स यांच्यापर्यंत मागे जाते. मार्क्सच्या 'फ्रान्समधील वर्गसंघर्ष' या ग्रंथाला १८९५ साली लिहिलेल्या प्रस्तावनेच्या अखेरीस एंगल्स यांनी आद्य ख्रिस्ती चळवळ आणि जर्मन कामगार चळवळ यांची तुलना केली. रोमन साम्राज्यालाही एका विध्वंसक पक्षाने पोखरले होते, डायोक्लेशियनने इ. स. ३०३ मध्ये त्याच्यावर वरवंटा फिरवला, आणि तरी थोड्याच वर्षांत लष्कर बहुतांशी ख्रिस्ती झाले व पुढच्या सम्राटाने, कॉन्स्टन्टाइनने, तोच धर्म राजधर्म म्हणून जाहीर केला, असा त्या युक्तिवादाचा आशय आहे. बंदीहुकूम काढणाऱ्या बर्लिनच्या राज्यकर्त्यांना तो मारलेला टोला होता आणि टोला म्हणून तो उत्तमच होता. परंतु पुढे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांतून त्याचा सिद्धान्त झाला. दलितपीडितांची चळवळ छळाला पुरून उरते आणि शेवटी सिंहासनच तिच्याकडे चालत येते, असा तो सिद्धान्त. सिंहासन चालत आले हे खरे. ते येताना काय घेऊन आले आणि जाताना काय घेऊन गेले, हा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

प्रथम तपशील दुरुस्त केला पाहिजे. ख्रिस्ती धर्माला राजधर्म करणारा फतवा कॉन्स्टन्टाइनचा नव्हे, तो इ. स. ३८० मधला, थिओडोशियसचा. छळ थांबवण्याचा पहिला हुकूमही कॉन्स्टन्टाइनचा नव्हे. तो इ. स. ३११ मध्ये, मरणशय्येवर असलेल्या गॅलेरियसने काढला, आणि हाच गॅलेरियस छळाचा प्रमुख पुरस्कर्ता होता. इ. स. ३१३ मध्ये मिलान येथे कॉन्स्टन्टाइन आणि लिसिनियस यांच्यात जे ठरले ते सर्व पंथीयांना उपासनेचे स्वातंत्र्य देणारे होते. लष्कर म्हणाल, तर ते त्या काळी बहुसंख्येने ख्रिस्ती नव्हतेच. म्हणजे संख्याबळाच्या रेट्याने सिंहासन झुकले, ही कल्पनाच टिकत नाही. सिंहासनाने निवड केली. गावोगावच्या सभा, प्रत्येक नगरात एक बिशप, नगरानगरांतील बिशपांचा परस्पर पत्रव्यवहार, विधवा व अनाथांच्या याद्या, मदतनिधीचे हिशेब: एवढी शिस्तबद्ध संघटना साम्राज्यात दुसरी नव्हती. मिल्वियन पुलाच्या लढाईपूर्वी, ३१२ साली, आकाशात क्रूस दिसला की नाही याची चर्चा शतकानुशतके चालली आहे. जमिनीवर काय दिसत होते ते सत्तेच्या जाणकाराला अधिक स्पष्ट दिसले असणार.

आता अर्थकारणाकडे वळावे, कारण स्तुतिपाठकांच्या ग्रंथांत ते सापडत नाही. कॉन्स्टन्टाइनने सॉलिडस नावाचे सोन्याचे नाणे पाडले, एका रोमन पौंड सोन्यात ७२. हे नाणे पुढे सातशे वर्षे जवळपास त्याच कसाचे राहिले. चलनशास्त्राच्या पुस्तकांत त्याची वाखाणणी असते आणि ती खोटी नाही. प्रश्न असा की, ते नाणे कोणाच्या हाती होते? अधिकारी, सेनानी आणि मोठे जमीनदार यांचे व्यवहार सोन्यात होऊ लागले. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या हाती तांबे आणि चांदीचा नुसता मुलामा असलेली नाणी राहिली आणि त्यांची किंमत वर्षागणिक घसरत गेली. एकाच राज्यात दोन चलने, धनिकांचे स्थिर आणि गरिबांचे नासके! त्याच शतकात लष्करी सुधारणांवर निबंध लिहिणाऱ्या एका अनामिक लेखकाने याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. देवळांतले सोने बाहेर काढून कॉन्स्टन्टाइनने ते उधळले, त्याने श्रीमंतांची घरे भरली आणि गरीब चिरडला जाऊन बंडाकडे वळला, असे तो सांगतो. अर्थशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या माणसाने केलेले हे निदान आजही वाचण्याजोगे आहे.

त्याशिवाय 'क्रिसार्गिरॉन' हा कर. व्यापारी, कारागीर, हातगाडीवाले, इतकेच काय, वेश्यासुद्धा, सर्वांकडून दर चारपाच वर्षांनी सोन्याचांदीत वसूल होणारा. हा कर भरण्यासाठी आयांनी मुले विकली आणि बापांनी मुलींना बाजारात उभे केले, असे झोसिमस लिहितो. झोसिमस ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक होता, तेव्हा त्याच्या शब्दाला थोडी सूट द्यावी लागेल. परंतु खुद्द कॉन्स्टन्टाइनच्या कायद्यांतच दारिद्र्यापोटी मुले विकणाऱ्या आईबापांचा उल्लेख वारंवार येतो. प्रथम अशा कुटुंबांना सरकारी कोठारातून अन्नवस्त्र द्यावे असा आदेश निघाला. पुढे, ३२९ साली, अत्यंत गरिबीत नवजात मूल विकण्याचा व्यवहार कायदेशीर मानला गेला. किंमत परत करून मूल सोडवून घेण्याची मुभा तेवढी ठेवली. हा कर रद्द व्हायला इ. स. ४९८ उजाडावे लागले.

आणि मग ३३२ साल. त्या वर्षी नव्या राजधानीत, कॉन्स्टन्टिनोपलमध्ये, नागरिकांना फुकट भाकरी वाटण्यास आरंभ झाला. धान्य इजिप्तचे, कापणारे हात तिथल्या शेतकऱ्यांचे. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका कायद्याने, पळून जाण्याच्या बेतात असलेल्या कुळाला गुलामाप्रमाणे बेड्या घालण्याचा अधिकार मालकाला मिळाला. स्वतंत्र माणसाने करायची कामे त्याने गुलामाच्या शिक्षेखाली करावीत, असा त्या कायद्याचा निःसंकोच आशय आहे. कूळ कायद्याच्या लढ्यांत आयुष्य घालवलेल्या महाराष्ट्रातील जुन्या कार्यकर्त्यांना या तरतुदीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. माणूस जमिनीला बांधला गेला, आणि बांधणारा सम्राट ख्रिस्ती होता.

न्यायासाठी दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अपराध्याच्या चेहऱ्यावर डाग देण्याची शिक्षा कॉन्स्टन्टाइनने बंद केली. चर्चमध्ये, बिशपच्या साक्षीने, गुलाम मुक्त करण्याची सोय केली. सार्डिनियातील सरकारी जमिनींची वाटणी होताना गुलामांची कुटुंबे फोडू नयेत असे बजावले. या सुधारणा खऱ्या आहेत. पण डाग चेहऱ्याऐवजी हातावर किंवा पोटरीवर द्यावा, अशीच ती सुधारणा होती; आणि मालकाच्या मारहाणीत गुलाम मेला तर सहसा तो खून समजू नये, असेही त्याच सम्राटाने ठरवून दिले.

या सर्व काळात बिशपवर्ग काय करीत होता? तो सवलती मोजत होता. धर्मगुरूंना नगरसेवेच्या खर्चिक जबाबदाऱ्यांतून सूट मिळाली. ३२१ साली मृत्युपत्राने चर्चला मालमत्ता देण्याची मोकळीक झाली. बिशपांना दिवाणी तंटे सोडवण्याचे अधिकार मिळाले. रोममधील लॅटरन चर्चला सम्राटाने दिलेल्या जमिनींची यादी, प्रत्येकीच्या वार्षिक सोनेरी उत्पन्नासह, पोपांच्या जुन्या चरित्रग्रंथात जपून ठेवली आहे. आपल्याकडची एखादी इनामपत्रिका वाचावी तशी ती वाचता येते. सवलतींचा मोह असा की श्रीमंत नगरपित्यांची रीघ दीक्षा घेण्यासाठी लागली आणि सम्राटालाच ती थोपवावी लागली. श्रीमंतांनी राज्याचे भार वाहावेत आणि गरिबांना चर्चच्या संपत्तीवर पोसावे, असे त्याने फर्मावले. चर्चची जागा एवढ्यात निश्चित झाली. अन्यायाचे मूळ शोधणारी चळवळ आता अन्यायग्रस्तांना सांभाळणारे खाते बनली.

निकायाच्या परिषदेला बिशप सरकारी टपाल-वाहनांतून आले. त्यांच्यात डायोक्लेशियनच्या छळात अपंग झालेले लोक होते. परिषदेच्या सुमारास सम्राटाच्या राज्यारोहणाच्या विसाव्या वर्षाची मेजवानी झाली. उपसलेल्या तलवारी धरलेल्या अंगरक्षकांच्या रांगेतून निर्भयपणे आत जाऊन बिशप सम्राटाच्या पंगतीला बसले, आणि हे ख्रिस्ताच्या राज्याचेच चित्र वाटले, असे युसेबियसने कौतुकाने लिहून ठेवले आहे. युसेबियस विद्वान होता, छळाचे दिवस त्याने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच त्या वाक्यापाशी थबकायला होते.

मग छळ सोसत राहायचे होते काय, असा आक्षेप येईल. मुळीच नाही. ३१३ साली मिळालेले स्वातंत्र्य हा न्याय होता आणि तो स्वीकारणे योग्यच होते. पण स्वातंत्र्य घेणे वेगळे आणि खजिन्याची किल्ली घेणे वेगळे.

हेलेनाकडे पाहताना टीकाकाराचा हात थोडा आखडतो. तिचा जन्म हलक्या मानल्या जाणाऱ्या घरात झाला. ती सरायीत काम करणारी बाई होती असे अँब्रोज हा बिशपच सांगतो, आणि अभिमानाने सांगतो. मुलाचा बाप कॉन्स्टन्शियस याने राजकीय सोयरिकीसाठी तिला दूर केले. मुलगा सम्राट झाल्यावर तिला 'ऑगस्टा' ही पदवी मिळाली. ३२६ साली त्याने आपला थोरला मुलगा क्रिस्पस याला ठार केले, पाठोपाठ पत्नी फाउस्टा हिचाही अंत झाला, आणि त्यानंतर लवकरच ही वृद्ध राजमाता पॅलेस्टाइनच्या यात्रेला निघाली. वाटेत तिने सैनिकांना पैसे, गरिबांना कपडे दिले, खाणीत आणि हद्दपारीत खितपत पडलेल्यांना सोडवले. बेथलेहेम आणि ऑलिव्ह टेकडी येथील चर्च तिच्या नावाशी जोडलेली आहेत. सरायीच्या दारात उपाशी माणूस कसा उभा राहतो हे तिला ठाऊक होते, एवढे मान्य करावे.

पण तिच्या दानाचा खर्च राजकोषातून होत होता, आणि राजकोष कसा भरत होता ते वर आलेच आहे. या संदर्भात भारतीय वाचकाला एक जुनी तुलना आठवेल. आपल्या पाठ्यपुस्तकांनी अशोक आणि कॉन्स्टन्टाइन यांना एका माळेत ओवले आहे. अशोकही धर्मसंस्थापकाच्या जन्मस्थानी, लुंबिनीला गेला होता. तिथल्या स्तंभावरील लेख सांगतो की त्याने त्या गावचा 'बली' कर माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा एक अष्टमांशावर आणला. अशोकाला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूंना पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर काढावे असेही त्याचेच आदेश आहेत. पण जन्मस्थानी गेलेल्या दोन यात्रेकरूंपैकी एकाने शेतसारा कमी केला आणि दुसरीने सोन्याने मढलेली वास्तू उभारली, हा फरक अर्थशास्त्राच्या नजरेतून सुटू नये.

खरा क्रूस हेलेनाने शोधून काढला, ही कथा तर तिच्या हयातीतली नाहीच. तिच्या यात्रेचे सविस्तर वर्णन करणारा युसेबियस त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही. अँब्रोजच्या ३९५ सालच्या भाषणात ती दिसते. पुढे तिला जे रूप आले त्यात जागा सांगण्यास नकार देणाऱ्या यहुदा नावाच्या एका ज्यूला राजमाता कोरड्या विहिरीत उपाशी ठेवते आणि मग तो कबूल होतो. ज्यूचा छळ हे पुण्यकृत्य ठरवणारी ही कथा मध्ययुगीन युरोपभर सणासुदीला वाचली गेली. सरायीतल्या त्या बाईला याची कल्पनाही नव्हती. सत्तेच्या मांडीवर बसलेला धर्म आपल्या संतांनाही मृत्यूनंतर कोतवाल बनवतो.

एंगल्स यांची तुलना जिथे थांबली तिच्या पलीकडे उत्तर आफ्रिका आहे. तिथे छळाच्या काळात शरण गेलेल्या धर्मगुरूंना न मानणारे ख्रिस्ती वेगळे झाले. त्यांना डोनाटिस्ट म्हणतात. कॉन्स्टन्टाइनने सत्तेवर येताच कार्थेजच्या बिशप सेसिलियनला, म्हणजे विरुद्ध पक्षाला, ३,००० फॉलिस एवढी रक्कम पाठवली. पुढे डोनाटिस्टांची चर्च जप्त करण्यासाठी सैनिक धाडले. ख्रिस्ती राज्याने ख्रिस्ती लोकांवर केलेला हा पहिला बलप्रयोग, आणि तो मिलानच्या करारानंतर पाच वर्षांच्या आत सुरू झाला. ३२१ साली सम्राटाने हात मागे घेतला, पण वाद मिटला नाही.

कॉन्स्टन्टाइनच्या मृत्यूनंतर, त्याचा मुलगा कॉन्स्टन्स याच्या काळात, त्याच प्रदेशात शेतमजुरांच्या टोळ्या उठल्या. त्यांनी सावकारांची कर्जखते निकामी केली. रथातून जाणाऱ्या मालकाला खाली उतरवून गुलामाला आत बसवले आणि मालकाला पुढे पळायला लावले, असे त्यांचा शत्रू ऑप्टॅटस सांगतो. सुपे आणि नगर भागातल्या १८७५ सालच्या दंग्यांत खते जाळणाऱ्या शेतकऱ्यांना ही माणसे परकी वाटली नसती. त्यांनी हिंसा केली, निरपराधांनाही मारले, हे लपवू नये. त्यांच्यावर पहिले लष्कर डोनाटिस्ट बिशपांच्याच सांगण्यावरून आले, हेही लपवू नये. आपल्या गरिबांची भीती फक्त सरकारी बिशपांनाच वाटत होती असे नव्हे.

३४७ च्या सुमारास कॉन्स्टन्सने पॉल आणि मकारियस या दोन अधिकाऱ्यांना आफ्रिकेत पाठवले. त्यांच्याजवळ गरिबांना वाटण्यासाठी राजकोषातील पैसा होता. डोनाटसने त्यांना विचारले की सम्राटाचा आणि चर्चचा संबंध काय, आणि ते दान घेऊ नये असे आपल्या लोकांना कळवले. अधिकारी सैन्य घेऊन पुढे निघाले. बगाई गावच्या बिशपने लोक गोळा केले होते आणि त्यांना पोसण्यासाठी आपल्या चर्चचे धान्याचे कोठार केले होते. सैन्य तिथे पोचले तेव्हा त्या कोठाराच्या आसपास पुष्कळ माणसे मारली गेली.