कितवा आलास?

परवा शनिवारी रात्री आई-बाबांबरोबर 'द स्विमर्स' (२०२२) पाहिला. माझा दुसऱ्यांदा, त्यांचा पहिल्यांदा. संपल्यावर आई डोळे पुसत म्हणाली, "बघ, घरदार गेलं, समुद्र ओलांडला आणि शेवटी ऑलिंपिक जिंकली की नाही पोरगी!"

"आई, ऑलिंपिक नाही, हीट जिंकली."

"म्हणजे?"

"म्हणजे प्राथमिक फेरीतली एक रेस. एकूण ४५ जणींत ती ४१वी आली."

आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला मागं ढकललं होतं. "तुला ना, कशाचं कौतुकच नाही!" म्हणून ती झोपायला गेली.

आता गंमत अशी की मला कौतुक आहे. आईपेक्षा जास्तच आहे, आणि ते त्या ४१ मुळेच आहे. ते नीट सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. युसरा मर्दिनी ही सीरियाची जलतरणपटू. २०१५ मध्ये ती आणि तिची बहीण सारा तुर्कस्तानहून ग्रीसकडे निघाल्या. सहा-सात जणांच्या रबरी होडीत वीसेक माणसं. मध्येच इंजिन बंद पडलं, तेव्हा ज्यांना पोहता येत होतं ते पाण्यात उतरले, त्यात या दोघी होत्या. तीन तासांहून जास्त वेळ त्या पाण्यात होत्या. पुढच्याच वर्षी युसरा रिओला निर्वासितांच्या संघातून उतरली. १०० मीटर बटरफ्लाय, वेळ १:०९.२१. तीच स्पर्धा सारा शोस्ट्रॉमनं ५५.४८ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. म्हणजे जवळजवळ १४ सेकंदांचा फरक. पोहण्यात हे अंतर म्हणजे एक बाई टॉवेल गुंडाळून उभी आहे आणि दुसरी अजून पाण्यातच आहे!

सिनेमा हीटच्या विजयावर संपतो. त्यात खोटं काहीच नाही, ती हीट तिनं खरंच जिंकली होती. पण हीट म्हणजे काय हे माहीत नसलेला प्रेक्षक आईसारखाच उठतो.

मी पाचवी ते दहावी पोहायचो. पहाटे साडेपाचला टँकवर. केस राठ, डोळे लाल आणि शाळेत पहिल्या तासाला झोप. त्यामुळे पोहण्याचा सिनेमा लागला की माझ्यातला टेस्टर जागा होतो आणि मी बग शोधत बसतो. पहिला बग, हीरो रेसच्या मध्यात शेजारच्या लेनमधल्या व्हिलनकडे रोखून बघतो. अरे बाबा, फ्रीस्टाईलमध्ये मान वळते ती श्वासापुरती, आणि तेव्हा दिसतं ते पाणी, फेस आणि लेनची दोरी. दुसरा, पाण्याखाली त्याला सगळा भूतकाळ आठवतो. मला फक्त "अजून किती उरलंय?" एवढंच आठवायचं. तिसरा आणि सगळ्यात मोठा बग म्हणजे सराव. सिनेमात तो एका गाण्यात उरकतो. प्रत्यक्षात सराव म्हणजे तळाची काळी रेघ. ती बघत जायचं, भिंत, टर्न, तीच रेघ बघत परत यायचं. बाजूला कोणी बोलायला नाही, संगीत नाही. इतका कंटाळवाणा खेळ दुसरा नसेल आणि तो कंटाळाच खरा खेळ आहे. 'प्राइड' (२००७) मधले जिम एलिस प्रत्यक्षात फिलाडेल्फियात कित्येक वर्षं, पिढ्यामागून पिढ्या पोरं घडवत राहिले. दोन तासांच्या सिनेमात एवढी वर्षं कुठून आणणार?

बरं, खरं पोहणं नाट्यमय नसतं असंही नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. दिसणं बंद. त्यानं हात मोजत भिंत गाठली आणि १:५२.०३ असा विश्वविक्रम केला. त्याच ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायला त्यानं मिलोराद चाविचला ०.०१ सेकंदानं हरवलं. कोणी पटकथेत लिहिलं असतं तर "काहीही काय!" म्हणून आपण हसलो असतो. पण त्याला वाचवलं ते कशानं? भूतकाळाच्या आठवणींनी नाही, तर त्या कंटाळवाण्या मोजणीनं.

आता माझी खरी तक्रार. पाण्यातल्या चुका मी माफ करतो. कॅमेऱ्याला चेहरा दिसायला हवा, मान्य. तक्रार ही आहे की सिनेमा एकच प्रश्न विचारतो, "कितवा आलास?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. नववीत जिल्हा स्पर्धेत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला मी १:२९ वरून १:२६ वर आलो. तीन सेकंद! सरांनी स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर धरलं आणि पाठीत एक धपाटा घातला. मी हवेत होतो. गॅलरीत गेलो तर बाबांनी विचारलं, "कितवा आलास?" मी म्हटलं, "सातवा." ते म्हणाले, "असू दे." त्या "असू दे"नंतर मी आणखी एक वर्ष पोहलो, दहावीचं निमित्त करून सोडलं. बाबांचा दोष नाही. त्यांना कोणी दुसरा प्रश्न शिकवलाच नव्हता. तेव्हा मलाही तो नीट सांगता आला नाही. आज दरवर्षी अप्रेझलला बेल कर्व्हमध्ये मी कुठे बसतो हे कळतं, तेव्हाही तोच "कितवा" ऐकू येतो.

पोहण्यात दुसरा प्रश्न असतो, "किती?" मागच्या वेळी किती, आज किती? पहिल्यापासून एक्केचाळिसाव्यापर्यंत प्रत्येकाला तो विचारता येतो. सिनेमावाल्यांना वाटतं ४१वी सांगितली तर प्रेक्षक नाराज होईल. मला उलट वाटतं. वर्षभरापूर्वी जीव मुठीत धरून समुद्रात उतरलेली मुलगी ऑलिंपिकच्या ब्लॉकवर उभी राहते, आपली रेस पूर्ण करते, ४१वी येते, आणि २०२० च्या टोकियो ऑलिंपिकला (जे २०२१ मध्ये झालं) पुन्हा येते. यापेक्षा प्रेरणादायी शेवट कुठला हवा?

मग हे सिनेमे फुकट आहेत का? मुळीच नाही, आणि याला पुरावा मीच :) २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' पाहिला. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, मूळचे बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचार म्हणून पोहणं सुरू झालं आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्ण. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. थिएटरमधून निघालो आणि दुसऱ्याच सोमवारी टँकची फी भरली, तब्बल दहा-बारा वर्षांनी. पहिल्या दिवशी चार लेंग्थमध्ये जीव घशाशी आला.

सिनेमाचा असर तीन आठवडे टिकला. नंतर पहाटे अलार्म वाजल्यावर एकदाही पेटकर आठवले नाहीत. आठवायचं ते कालचं टायमिंग. म्हणजे सिनेमानं मला टँकच्या काठापर्यंत आणून सोडलं, आणि काठापर्यंत आणणं हेही काही थोडं काम नाही. पुढचं घड्याळाचं काम.

असो. रविवारी सकाळी पोहून आलो तर आई पोहे परतत होती. कालचा राग असावा, कारण मान वर न करताच तिनं विचारलं, "किती लागले आज?"

"१:४१."

"आणि मागच्या वेळी?"

"१:४३."

"मग बरंय की," म्हणाली आणि पोह्यांवर जरा जास्तच खोबरं घातलं. पेपरामागून बाबा काहीच बोलले नाहीत. पण पेपर खाली आला होता.