कॅसेटी भंगारात देण्याआधी एकदा ऐका, राळेगावकरांनो

दिवाळीची साफसफाई सुरू आहे. काल गल्लीत भंगारवाल्याच्या गाडीवर कॅसेटींनी भरलेलं बुटाचं खोकं दिसलं. घरच्या काकू म्हणाल्या, "कायले ठेवाचं जी? टेप तं कवाचाच बंद पडला." मी खोकं मागून घेतलं. वर सगळी पिक्चरची गाणी. तळाशी चार कॅसेटींवर पेनाने लिहिलेलं: 'आबाजी भजन', 'ताईचं लग्न'.

मित्रांनो, पिक्चरच्या गाण्यांची काळजी नको, ती मोबाइलवर आहेत. पण खंजिरीवर तुकडोजी महाराजांचं भजन म्हणणाऱ्या तुमच्या आबाजींचा आवाज जगात फक्त त्या एका कॅसेटीत आहे.

हे सांगायचा मला फारसा अधिकार नाही. पत्रकारितेत नवीन होतो तेव्हा एका म्हाताऱ्या दंडार गायकाची मुलाखत टेप केली होती. पुढे नवी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्यावरच एका पुढाऱ्याची पत्रकार परिषद घेतली. मागच्या महिन्यात ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. भाषण संपलं आणि शेवटी चाळीसेक सेकंद बाबांचं गाणं उरलेलं निघालं. बाबा आता नाहीत. वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन कान तेव्हाच तोडले असते, तर त्यावर पुन्हा रेकॉर्डच झालं नसतं. तुम्ही आज तोडा.

काम अवघड नाही. चालू टेप, एक वायर, लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, आवाज फाटतो. मी तेच केलं होतं. आधी टेपचं हेड साफ करा. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट चालवू नका, जाणकाराला दाखवा. एका तासाच्या कॅसेटीला पूर्ण एक तास लागतो, त्याला शॉर्टकट नाही. वेव्ह फाइल साधारण 600 एमबीची होते, म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर पन्नासेक कॅसेटी मावतात. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या बायांच्याच आवाजात ऐकता येतात. कोणीतरी वेळेवर टेप लावला आणि जपला, म्हणून.

माझी मागणी साधी आहे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, एक चांगला टेप. नगर पंचायतीने थोडा हातभार लावावा. घरच्यांच्या परवानगीशिवाय काहीही नेटवर टाकायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

कोणी म्हणेल, कापसाच्या भावाचं बोला. बोलतोच, रोज तेच लिहितो. पण कापूस पुढच्या हंगामात पुन्हा येतो. आबाजी येत नाहीत.

चालू टेप माझ्याकडे आहे. रविवारी कॅसेटी घेऊन या, चहा माझ्याकडून. अन् पोस्ट पटली तर शेअर करा.